खारूची फ्रिंज

नाही, पण मला एक सांगा, माणसाने स्वतःच्या धंद्यातही गप्प बसायचं का? दिवसभर कात्री चालवतो मी! बँकेचा मॅनेजरसुद्धा माझ्यासमोर मुकाट्याने मान खाली घालून बसतो... आणि माझी पोरगी, माझी खारू, शुक्रवारी संध्याकाळी माझ्याच सलूनच्या दारात उभी राहते, तर कपाळावरची फ्रिंज कशी? डावीकडून उजवीकडे उतरत गेलेली! घसरगुंडी! खुर्चीतलं गिऱ्हाईक आरशातून बघतंय, विचारतंय, 'ही तुमचीच का हो?' आणि मी काय बोलायचं? काही नाही! समजूतदारपणे घ्यायचं!

तुम्हाला सांगतो, हे समजूतदारपणाचं खूळ समुपदेशक बाईंचं. घटस्फोट झाला, सह्या झाल्या, भांडी वाटून झाली, आणि मग बाईंनी आम्हा दोघांना समोरासमोर बसवलं, मधे टिश्यूचा डबा. बाईंचा आवाज असा, अंगाईतला... 'हे बघाऽ, नवरा-बायको नसाल आता, पण आईबाबा आहातच नाऽ? मग मुलीसमोर एकमेकांच्या चुका काढायच्या नाहीत. तिकडे काय झालं ते इकडे उकरायचं नाही. समजूतदारपणे घ्यायचंऽ.' आम्ही दोघांनी एकदम माना डोलावल्या. अख्ख्या संसारात कधी एका वेळी डोलल्या नव्हत्या हो!

आणि पाळलं! इतकं पाळलं की विचारू नका. आमची ही... म्हणजे आता 'आमची' नाही, नुसतीच ही... जाऊ दे, खारूची आई म्हणतो. तर खारूची आई आणि मी असे बोलायला लागलो, जसे लिफ्टमधले शेजारी. 'कशी आहेस?' 'मजेत. तू?' 'मजेत. डबा धुतलाय हं तिचा.' 'अय्या, कशाला धुतलास!' अहो, याच डब्याच्या झाकणावरून एकेकाळी आमचा अर्धा रविवार जायचा!

तर फ्रिंज. खारूची आई इमारतींचे नकाशे काढते. सरळ रेघेचं वेड! मला हे नंतर कळलं, पोरीला आंघोळ घातली, ओले केस पुढे घेतले, चिकटपट्टी लावली, वर फूटपट्टी धरली आणि कापले. ओले! अहो, ओले केस वाळल्यावर वर जातात, हे माझ्याकडे झाडू मारणाऱ्यालाही माहीत असतं! आणि त्यात खारूच्या कपाळावर डाव्या बाजूला भोवरा. ओला असेपर्यंत गरीब गायीसारखा पडून राहतो, वाळला की उठून बसतो. डावी बाजू वर, उजवी खाली. झाली घसरगुंडी!

आता हा भोवरा कुणाकडून आला, तो विषय नाही. कुणाकडून तरी येतोच.

मग मी काय केलं? चूक काढली? छे! उकरलं? मुळीच नाही! गुपचूप पोरीला खुर्चीत उंच फळी टाकून बसवलं, वाळलेल्या केसांवर उजवीकडून जरासं, अगदी नखाएवढं उडवलं. झाली सरळ! आणि तिच्या कानात म्हटलं, 'खारू, आईला सांगू नको हं, उगाच तिला वाईट वाटेल.' बघा! किती विचार करतो मी दुसऱ्याचा! घेतलं की नाही समजूतदारपणे?

पुढच्या शुक्रवारी पोरगी आली... परत घसरगुंडी! म्हटलं, वाढले असतील. परत उडवलं नखाएवढं. पुढच्या खेपेला परत! मी बाटलीवरची लेबलं वाचायला लागलो हो, हा शाम्पू आहे की खत आहे म्हणून! केस एकाच बाजूने वाढतात? पण तिच्या आईला विचारणार कसं? विचारलं की चूक काढली!

आणि मग एका शुक्रवारी खारू आली ती लोकरीची टोपी घालून. भर उन्हाळ्यात! कानावरून खाली ओढलेली. म्हटलं, 'काढ गं.' 'नको.' जेवताना टोपी, झोपताना टोपी. सकाळी म्हटलं, 'चल, खुर्चीत बस, केस बघू.' तर माझ्याकडे न बघता म्हणते, 'बाबा, पुढच्या शुक्रवारी मी नाही आले तर चालेल?'

काय सांगू तुम्हाला... हातातला कंगवा खाली पडला. घर गेलं, संसार गेला, म्हटलं ठीक आहे, शुक्रवार तर आहे ना! अख्खा आठवडा मी त्या एका संध्याकाळसाठी दुकान उघडतो हो. तोही जाणार? खड्ड्यात गेला समजूतदारपणा! लावला फोन तिच्या आईला. 'काय सांगितलंस तू पोरीला माझ्याबद्दल?' 'मी? तिला तर माझ्याजवळही बसायचं नाहीये, तू काय भरवलंस तिच्या मनात?' आणि आली की तडक सलूनमध्ये! खुर्चीत अर्धी दाढी झालेले एक काका, ते तसेच फेसासकट बसून राहिले. उठतायत कशाला, फुकटचा खेळ!

टोपी काढली. फ्रिंज कुठंय? फ्रिंजच नाही! भुवयांच्या वर नुसतं मैदान, आणि वर टोकाला ब्रशसारखे उभे केस!

'हे तू केलंस!' 'मी? तू केलंस!' 'मी फक्त उजवीकडून नखभर...' 'म्हणजे दर वेळी वाकडी करणारा तू होतास! मी दर रविवारी आंघोळीनंतर फूटपट्टी लावून डावीकडून सरळ करतेय!' 'ओल्या केसांना फूटपट्टी? अगं, भोवरा आहे तिथे!' 'भोवरा तुझ्या घराण्याचा!' 'आणि हट्ट कुणाच्या घराण्याचा?'

आणि मधे खुर्चीत खारू. अगदी बारीक आवाजात म्हणाली, 'बाबा म्हणायचा आईला सांगू नको. आई म्हणायची बाबाला सांगू नको. मग मी कुणालाच नाही सांगितलं. मला वाटलं, संपले केस की थांबाल.'

तिची आई टेकली बाकावर, आणि रडली की हो. मीही... म्हणजे डोळ्यात केस गेला, चालतं आमच्या धंद्यात. मी म्हटलं, 'चुकलंच आपलं.' ती म्हणाली, 'चुकलं. पण भोवरा तुझाच.' मी म्हटलं, 'फूटपट्टी तुझी!' आणि जुंपलं ना परत तासभर जोरदार, पहिल्यासारखं! आणि खारू? काकांच्या शेजारी पाय हलवत बिस्किटं खातेय! म्हणते, 'भांडा ना. पण कात्री खाली ठेवून.'

शुक्रवार वाचला बघा. अट एकच, खारूने घातलेली. केसांना तुम्ही दोघांनी हात लावायचा नाही. वाढू दिले, सगळा पावसाळा वाढू दिले, आणि मग कापायला कुठे नेलं? समोरच्या सलूनमध्ये! रस्त्यापलीकडे! ज्याच्याशी मी पाटीच्या रंगावरून वर्षानुवर्षं बोलत नाही, त्याच्याकडे! तिची आई आणि मी त्याच्या बाकावर शेजारी शेजारी, हाताची घडी घालून, आणि काचेतून माझीच गिऱ्हाइकं माझ्याकडे बघतायत. त्याने कंगवा फिरवला, थांबला, आणि अगदी गोड विचारलं, 'हा भोवरा कुणाचा?' मी हात वर केला. घेतलं समजूतदारपणे!

आणि खरं सांगू? सरळ कापली हो मेल्याने!