सेक्रेटरीचे बूट

मुलुंडला रिक्षाच्या रांगेत मानसीच्या पुढे दोघे शेजारी बोलत होते.

"लवूकाका, भाचीला बोहल्यावर आणायचंय ना? मग पायात बाथरूमच्या स्लिपर?"

"बूट जप्त झाले रे, सुबोध. जिन्यात चपला-बूट ठेवायचे नाहीत, असा सोसायटीचा नियम आहे."

"केला कोणी?"

"मीच. सेक्रेटरी आहे ना."

"आणि जप्त कोणी केले?"

"मीच. चष्मा नव्हता, माझेच आहेत ते कळलं नाही."

"मग तक्रार करा!"

"केली. सुनावणीही मीच घेतली."

"म्हणजे सुटले!"

"छे. अर्ज फेटाळला. अर्जदार फार उद्धट होता."

"काका, नियम करणारा, पकडणारा आणि निकाल देणारा, तिघं वेगळे लागतात. राज्यघटनेतसुद्धा तसंच आहे!"

"शंभर टक्के पटलं. तसा लेखी अर्ज दे."

"कोणाकडे?"

"माझ्याकडे. पण सांभाळून हां, माणूस भारी हेकट आहे."