अठरा काड्या

सुमित्राबाई : अजी, आ करा ना! अख्खा वडा एका घासात. काल तोंडात अठरा काड्या गेल्या, मंग वडा काऊन नाई जानार?

जागेश्वर : मोडून दे वो. वडा मोडूनच खावाचा असते.

सुमित्राबाई : लग्नाले बावीस वर्सं झाले. तुमी कधी मोडून खाल्ला? पंगतीत तं दोन-दोन कोंबत होते.

जागेश्वर : तवाचं तोंड अलग होतं. आता कॅन्सरचं ऑपरेशन झालं, मशीनचा शेक झाला...

सुमित्राबाई : तेच तं! शेकानं जबडा आखडला, म्हनूनच डॉक्टरनं आईस्क्रीमच्या काड्या देल्या ना, दाताइच्या मधात एकावर एक रचाले! बारावर दोन महिने अडकले होते तुमी. आन मंग दहा दिवसात सटासट अठरा! मी तं अख्ख्या मोहल्ल्यात पेढे वाटून आली.

जागेश्वर : मेहनत होय बाप्पा. सुताराचा जबडा आहे, काही गंमत नाई.

सुमित्राबाई : असं का? इकडं पाहा. ह्या तुमच्या अठरा. आन ह्या म्या गोरेगावच्या बजारातून आनल्या, कोऱ्या अठरा. ठेवते बाजूबाजूनं. आता सांगा, तुमची थप्पी बुटकी काऊन?

जागेश्वर : ...थुकीनं झिजल्या असतीन.

सुमित्राबाई : थुकीनं लाकूड झिजते? मंग काचपेपर कायले विकत आनता? थुकतच बसा ना खुर्च्याइवर!

जागेश्वर : हळू बोल. शेजारी शालीकराम आइकन.

सुमित्राबाई : आइकू द्या. जबडा नाई उघडला तं गड्यानं काड्याच घासून पातळ केल्या! उद्या गोंदियाले डॉक्टर त्याच्या पट्टीनं मोजन. तवा ते पट्टी बी घासान का?

जागेश्वर : तुले कधी समजलं?

सुमित्राबाई : पयल्याच दिवशी. तेरा म्हनले तवा तुमच्या मिशीले भुसा लागून होता.

जागेश्वर : आन तरी पेढे वाटले तू?

सुमित्राबाई : वाटले. शेक झाल्यापासून सहा महिने भिंतीकडं तोंड करून पडून होते तुमी. हो नाई तं नाई, तिसरा शब्द नाई. आन त्या दिवशी 'तेरा गेल्या वो' म्हनून असे लबाड हासले, का मले वाटलं, आला माहा नवरा घरी. म्या म्हनलं, राहू दे बाई, लबाडी तं लबाडी.

जागेश्वर : तुयासाठीच केलं ते. मी बारावर अडकलो आन तू जेवन सोडलं. ताट घेऊन बसे, आन मायाच तोंडाकडं पाहे. तेरा म्हनलं तं त्या दिवशी दोनदा भात घेतला तू. मंग चौदा म्हनलं. मंग थांबताच नाई आलं.

सुमित्राबाई : म्हंजे म्या भात खावा म्हनून कारखाना टाकला तुमी!

जागेश्वर : हासू नको वो. खऱ्या काड्या लय दुखते. तेरावी सारली का कानापर्यंत कळ जाते. बोंबलावं वाटते. तुयासमोर कोन्या तोंडानं बोंबलू? तंबाखूचा खर्रा म्या खाल्ला, तू थोडी खाल्ला.

सुमित्राबाई : खर्ऱ्यावरून भांडून झालं आपलं. पोटभर झालं. डॉक्टर काय म्हने? आता नाई उघडला तं जनमभर तेवढाच राहीन. मले पेजेवरचा नवरा नाई पायजे. बोंबला! शालीकराम म्हनन, बायको मारून राहिली. म्हनू द्या.

जागेश्वर : आन मी बोंबललो आन तू रडली तं?

सुमित्राबाई : रडीन. पन जेवून रडीन.

(जागेश्वर बुटकी थप्पी उचलून चुलीत टाकतो.)

जागेश्वर : मंग बस जेवाले. मी कोऱ्या काड्या धुऊन आनतो.