वंश येथे थांबला

पुतणी : नाही, मोठ्यानं वाचा काका. चष्मा आहे ना डोळ्यांवर? माझ्या बाबांच्या थडग्याच्या दगडावर, त्यांच्या नावाखाली काय लिहून घेतलंय तुम्ही?

काका : तू वाचलंस ना? मग झालं. परक्या माणसासमोर तमाशा नको.

पुतणी : 'वंश येथे थांबला.' असं लिहिलंय. आणि मी इथे धडधडीत उभी आहे, ती कोण?

कारागीर : मॅडम, जरा मागे सरका. रंग ओला आहे, ओढणीला लागेल. आणि घाबरू नका, कोरलेलं अजून एक अक्षर नाही. आधी रंगानं लिहितो, घरच्यांना दाखवतो, मगच छिन्नी लावतो. रंग काय, फडक्यानं जातो. कोरलेलं काढायचं तर अख्खा दगड घासत बसावं लागतं. म्हणून सगळ्यांना बोलावून घेतो.

पुतणी : मला नाही बोलावलंत.

कारागीर : साहेब म्हणाले, गेलेल्यांचे जवळचे म्हणून आता ते एकटेच.

पुतणी : वा. म्हणजे दगडावर येण्याआधीच माझा निकाल लावून झाला होता.

काका : शब्द जपून वापर. गेला तो माझा पाठचा भाऊ होता. त्याला सायकल मी शिकवली, त्याच्या शाळेच्या फीसाठी रांगेत मी उभा राहिलो. तुला एकटीलाच दुःख झालंय असं समजू नकोस.

पुतणी : दुःख तुम्हालाही झालंय, मान्य. पण शेवटी त्यांची कूस कोण बदलत होतं? त्यांच्या तोंडात चमच्यानं पाणी कोण घालत होतं? तुमचा वंश?

काका : सेवा केलीस, नाही कोण म्हणतंय? सेवा वेगळी, वंश वेगळा. आपल्या घराण्यात प्रत्येक दगडावर दोन ओळी असतात. वरच्या ओळीत तो कोणाचा मुलगा, खालच्या ओळीत तो कोणाचा बाप. पणजोबांपासून चालत आलंय. मी सगळा जन्म कोर्टात वारसांच्या कामांत घालवला. खोटे वारस उभे राहिलेले डोळ्यांनी पाहिलेत. माझ्याच भावाच्या दगडावर मी खोटं लिहून घेऊ?

पुतणी : मी खोटी वारस?

काका : तुझी आई या घरात आली तेव्हा तिला दिवस गेलेले होते. ते मूल धाकट्याचं नव्हतं. त्याला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आता तुलाही ठाऊक आहे. यात मी काय चुकीचं बोललो?

कारागीर : मी जरा बाहेर चहा घेऊन येऊ का?

पुतणी : बसा हो तुम्ही. मला काही लपवायचं नाही. काका, ही गोष्ट मला कधी कळली, आठवतंय? दादाच्या, तुमच्या मुलाच्या लग्नात. मी बारा वर्षांची. फोटो काढायला सगळे उभे राहिले आणि तुम्ही माझ्या खांद्याला धरून मला बाजूला केलंत. म्हणालात, घरचे तेवढे थांबा.

काका : घाईत बोललो असेन.

पुतणी : घाईत माणूस मनातलंच बोलतो. मग बाबा काय म्हणाले, ते आठवतंय?

काका : तो काही म्हणाला नाही.

पुतणी : नाहीच म्हणाले. फोटोतून बाहेर आले आणि माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. तुमच्या बैठकीत तो फोटो लावलाय ना एवढा मोठा? त्यात तुमचा पाठचा भाऊ कुठे आहे, दाखवा मला.

काका : तो पहिल्यापासून हट्टी होता.

पुतणी : आणि त्या रात्री घरी आल्यावर त्यांनी मला जवळ बसवून बायबलातला मत्तयाचा पहिला अध्याय वाचून दाखवला. आपल्या घरातला ठरलेला अध्याय. बारसं असो, लग्न असो, कोणाला मातीत ठेवायचं असो, तुम्ही उभं राहून तोच वाचणार. अब्राहामाला इसहाक झाला, इसहाकाला याकोब झाला. आणि तो संपला की पुढे आपल्या घरातली नावं, पणजोबांपासून. मला सगळं तोंडपाठ होतं. पण त्या रात्री बाबा वाचायला लागले आणि मी म्हटलं, बाबा, तुम्ही चुकताय. मध्येच बायकांची नावं कुठून आली?

काका : मी थोडं आटोपशीर वाचतो. लोक ताटकळतात.

पुतणी : बेचाळीस पिढ्यांचे बाप वाचायला लोकांना वेळ असतो, चार बायका आल्या की ताटकळतात? तामार, राहाब, रूथ आणि ती उरीयाची बायको. आम्ही सगळी भावंडं तुमचं ऐकून मोठी झालो. या चौघी त्या पानावर आहेतच, हे आम्हाला माहीतच नव्हतं.

काका : पोरांसमोर काय सांगायचं? तामारेनं सासऱ्याला फसवलं. राहाब तर... तिचा धंदा काय होता ते तुला माहीत आहे. रूथ परक्या मुलखातली. उरीयाच्या बायकोचं न बोललेलंच बरं.

पुतणी : लिहिणाऱ्याला लाज वाटली नाही, आणि वाचणाऱ्याला वाटते?

काका : तुला एकच पान पाठ आहे. मला दुसरंही माहीत आहे. यहुदी लोक बाबेलच्या बंदिवासातून परत आले तेव्हा मंदिरातल्या काही याजकांनी आपली वंशावळ शोधली. सापडली नाही. त्यांना याजकपणातून बाहेर काढलं. चांगली माणसं असतील ती, देवभीरूही असतील. पण नाव नाही म्हणजे नाही. एज्राच्या पुस्तकात आहे. वंशावळीला किंमत आहे ती याचसाठी. उद्या कोणीही उठून म्हणेल, मीही तुमचाच.

कारागीर : हे बाकी खरं आहे साहेब. माझ्याकडे एकदा दोन बायका आल्या होत्या, एकाच नवऱ्याचा दगड घ्यायला.

काका : तुम्ही मध्ये बोलू नका.

कारागीर : बरं. तो दगड अजून मागे पडून आहे, एवढंच सांगायचं होतं.

पुतणी : ठीक आहे. किंमत आहे ना वंशावळीला? मग तो अध्याय शेवटपर्यंत वाचू. अब्राहामापासून निघायचं, दावीद राजा घ्यायचा, बंदिवास घ्यायचा आणि उतरत उतरत कोणापाशी यायचं?

काका : योसेफापाशी.

पुतणी : आणि योसेफाला कोण झाला?

काका : तो अध्याय तू मला शिकवू नकोस.

पुतणी : बोला ना. एवढ्या पिढ्या 'याला तो झाला, त्याला हा झाला' म्हणत आलो, मग इथेच का अडलो? कारण योसेफाला कोणी झालाच नाही. प्रभूची आई मरिया, तिचा तो नवरा, एवढंच लिहिलंय. तिला दिवस गेलेत आणि मूल आपलं नाही, हे त्याला ठाऊक होतं. सगळी वंशावळ ज्याच्या अंगणात आणून उभी केली, त्याचं रक्तच नाही मुलात. आता सांगा, ती वंशावळ खोटी?

काका : तुझ्या आईला मरियेच्या शेजारी बसवू नकोस.

पुतणी : आईला नाही बसवत. आई साधी बाई होती, कोणाच्या तरी गोड बोलण्याला भुलली होती. मी बाबांना योसेफाच्या शेजारी बसवतेय. त्यानं काय केलं? तिला घरी आणलं आणि बाळाचं नाव ठेवलं. बाबांनी काय वेगळं केलं?

काका : ते देवाचं काम होतं. योसेफाला आला तसा इथे देवदूत आला नव्हता कोणाच्या स्वप्नात.

पुतणी : नव्हता आला. कोणी येऊन सांगितलं नव्हतं, भिऊ नको म्हणून. उलट थोरला भाऊ सांगत होता, भी म्हणून. तरी त्यांनी केलं. मग सांगा, कोणाचं जास्त कठीण होतं?

काका : जिभेला हाड नाही तुझ्या.

पुतणी : काका, मी रोज बाळंतपणाच्या वॉर्डात उभी असते. रक्ताचं मला कौतुक सांगू नका, हातमोजे भरभरून बघते मी ते. बाळ झालं की पुसून, गुंडाळून दार उघडते आणि विचारते, बाळाचे वडील कोण? बाहेर बाकावर पाच-सहा जण असतात. जो उठून पुढे येतो, त्याच्या हातात देते. तपासून बघत नाही. कोणी उठला नाही, असेही दिवस येतात. तेव्हा बाळ परत आत आणावं लागतं. ते फार जड लागतं हाताला. माझ्या वेळी एक माणूस उठला होता. त्याच्या दगडावर तुम्ही 'वंश येथे थांबला' लिहिणार असाल, तर आधी मला बाजूला करावं लागेल, आणि आता मी बारा वर्षांची नाही.

काका : रविवारी दगड बसवायचा आहे. चर्चच्या मंडळीतले सगळे येणार. तिथे काय तोंड दाखवू मी? आमच्या आजोबांनी, वडिलांनी सांभाळलेली ओळ...

पुतणी : रक्ताची ओळ.

काका : हो, रक्ताची.

पुतणी : मग काकूच्या दगडावर काय आहे?

काका : तिचा इथे काय संबंध?

पुतणी : खालच्या ओळीत काय आहे? 'एका मुलाची आई.' एका. काकूनं दोन मुलं जन्माला घातली ना? ताई कुठे गेली?

काका : तो विषय या घरात बंद झालेला आहे.

पुतणी : घरात बंद असेल. इथे घर नाही, दगडांचं दुकान आहे. ताई तर रक्ताची होती. नाकसुद्धा तुमचं होतं. तिनं तुम्हाला न विचारता लग्न केलं, तिला गाळलीत. त्या चौघींसारखीच. मी रक्ताची नाही म्हणून मला गाळताय, आणि ती रक्ताची असून तिला गाळलीत. मग तुम्ही मोजता तरी काय, काका? मला तर वाटतं रक्ताचं नुसतं नाव आहे. तुम्हाला कोणाला तरी दाराबाहेर ठेवायचं असतं.

कारागीर : तो दगडही मीच केला होता, साहेब. मी विचारलं होतं तेव्हा, एकच का म्हणून. तुम्ही मान हलवलीत. मला काय माहीत.

(मागच्या बाजूला दगड कापायच्या यंत्रावर पाणी पडत राहतं.)

काका : तू भेटतेस तिला?

पुतणी : जमेल तशी जाते. बाबाही यायचे.

काका : धाकटा जायचा? मला कधी बोलला नाही.

पुतणी : तुम्ही विचारलंत कधी?

काका : बरी आहे का?

पुतणी : बरी आहे. शिवणाचे क्लास घेते. दोन मुलं आहेत. मोठा अगदी तुमच्यासारखा, चूक काढल्याशिवाय घास गिळत नाही.

काका : हं.

कारागीर : साहेब, मॅडम, मी घरच्या भांडणात पडत नाही. पण माझा एक नियम आहे. दोघांच्या तोंडून एकच गोष्ट येईपर्यंत मी छिन्नी उचलत नाही. तो मागे पडलेला दगड सांगितला ना, तेव्हापासून. आता काय ते ठरवा. रविवार हवा असेल तर आजच सुरुवात करायला लागेल.

पुतणी : माझं ठरलेलं आहे. खालच्या ओळीत माझं नाव आणि पुढे 'हिचा बाप'. बाकी काही नको. काका अडवणार असतील तर दगड असाच राहू दे, दोन बायकांच्या त्या दगडाशेजारी. मी रविवारी मातीवर नुसती उभी राहीन आणि येईल त्याला सांगेन, हा माझा बाप.

काका : आणि मला सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावशील.

पुतणी : मान खाली घालायची का वर करायची, ते तुम्ही ठरवा. मी तुम्हाला जागेवरून हलवणार नाही. तुम्ही बाबांचे थोरले भाऊ आहात, ते कोणी खोडू शकत नाही. मीसुद्धा नाही.

काका : पुसा ती ओळ.

कारागीर : पुसतो. आणि मॅडम म्हणतात तसं लिहू?

काका : लिहा. पण 'मानलेला' वगैरे काही घालू नका मध्ये. लोक घालतात तसं.

कारागीर : नाही घालत.

काका : मला हे सगळं पटलंय असं समजू नकोस.

पुतणी : पटायला हवं असं मी म्हटलंच नाही. फक्त आडवे येऊ नका. आणि रविवारी अध्याय मी वाचणार. चौघींना धरून.

काका : उघड्यावर वाचायचं असतं. वारा असतो. तुझा आवाज पोचेल?

पुतणी : वॉर्डाच्या दारातून बाकापर्यंत पोचतो.

काका : नंतर आपल्या घरातली नावं घ्यायची असतात. सगळी येतात तुला?

पुतणी : पणजोबांपासून. शेवटचं माझं.

काका : शेवटचं तुझं, बरोबर. पण तुझ्या आधी माझ्या मुलीचं येतं. वयानं मोठी आहे ती.