गजाननभाऊंचा साक्षीदार

१२ मे, ऊन कडक. राजापेठेतल्या दवाखान्यात मी रुग्णांच्या फायलींवर आजारांचे कोड टाकतो. गजाननभाऊंना शाळेच्या बसवर ड्रायव्हरची नोकरी मिळत होती, पण दाखल्यासाठी फाईल काढली तर कोड जुनाच: दारूचे व्यसन.

"तीन वर्षं झाले, थेंब नाही घेतला. बदला ना भाऊ!"

"डॉक्टरनं 'व्यसनमुक्त' लिहिल्याशिवाय मले बदलता येत नाही."

डॉक्टर म्हणाले, "घरच्यांशिवाय कोणी सांगणारा आणा."

तासाभरात भाऊ त्यांच्या गल्लीतल्या दारू दुकानदारालाच घेऊन आले. तो बसायच्या आधीच सुरू झाला, "साहेब, याले काही तरी औषध द्या! तीन वर्षांपासून दुकानाची पायरी नाही चढला. माहा धंदा बसवून राहिला हा!"

डॉक्टरांनी लिहिले. मी कोड बदलला. जूनमध्ये शाळा उघडली त्या सोमवारी भाऊ बसवर रुजू झाले.