पुढे कोणी चालायचं

कानाच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक सासरे आणि त्यांची सून बसली होती. सासऱ्यांना कमी ऐकू येत असल्यामुळे दोघांचं बोलणं सगळ्या खोलीला ऐकू येत होतं.

"मामंजी, परवा गावात उतरलेल्या पाहुण्यांना जंगलात तुम्ही म्हणालात, ऐका, तांबट पक्षी बोलतोय."

"मग? वाटाड्या आहे मी. सांगणारच."

"तांबट बोलत नव्हता."

"त्या उंबरावर तो रोज सकाळी असतो."

"परवा नव्हता. पाहुण्यांनी मात्र वहीत लिहून घेतलं."

"बघ, त्यांची तक्रार नाही, तुझीच आहे!"

"जंगल सगळ्या गावाचं आहे. नसलेलं दाखवायचं नाही, हा नियम गावाच्या बैठकीत तुम्हीच मांडलात ना?"

"तेव्हा कान शाबूत होते माझे. आता काय, वाट दाखवणं सोडून पाहुण्यांच्या चादरी धुऊ?"

"डॉक्टर यंत्र देतील की."

"त्यानं तांबट ऐकू येईल?"

"ते डॉक्टरांनाच विचारू."

"बरं, या खोलीत आत्ता काय काय वाजतंय, सांग."

"पंखा. आत कुणीतरी खोकतंय. कोपऱ्यातला नळ गळतोय. खिडकीबाहेर दोन चिमण्या भांडताहेत."

"दोनच कशावरून?"

"एक थांबली की दुसरी सुरू होते."

"म्हणजे तुझ्या सासूचं आणि माझं चालतं तसंच."

"मी काही बोलले नाही हं!"

"उद्या पाहुणे आहेत ना?"

"सहा जण आहेत."

"पुढे तू चाल. मी मागून येतो. तुला पाखरू ऐकू आलं की हात वर कर. ते काय खातं, घरटं कुठे करतं, ते मी सांगेन."

"आणि काहीच ऐकू आलं नाही तर?"

"तर दोघंही गप्प बसू."