कॅचरचे एकोणीस सामने

(मार्चमधला शनिवार, सकाळचे सव्वाअकरा. डलुथ गावात घटस्फोटाची वाटणी करून देणाऱ्या तुओमीबाईंचं कार्यालय. टेबलाच्या एका बाजूला मार्गिट, समोर ड्वेन.)

मार्गिट : शॉर्टस्टॉपच्या यादीवर खोडरबर सगळ्यात जास्त फिरलंय. तिथे कागद इतका पातळ झालाय की मागचं बोट दिसतं.

ड्वेन : मग बोट काढ आणि कागद दे इकडे.

मार्गिट : एकट्याने केलंस?

ड्वेन : तीन रविवार. कुणाला विचारलं नाही. तुला तर नाहीच.

तुओमीबाई : आपण वाटणीवर येऊ या का? घर झालं, होडी झाली, कुत्रा झाला. शेवटच्या ओळीत नुसतं ‘संघ’ लिहिलंय. दोनदा विचारलं मी, दोन्ही वेळा तुम्ही शॉर्टस्टॉपवर गेलात. संघ म्हणजे काय?

ड्वेन : बेसबॉलचा, बाई. शॉर्टस्टॉप ही त्यात मैदानावरची एक जागा. कागदावरचा. आम्ही बारा संघवाले दर मार्चमध्ये लेम्पीच्या हॉटेलात मागच्या खोलीत बसतो आणि पाळीपाळीने खरे खेळाडू निवडतो. एकाने घेतला की तो दुसऱ्याला नाही. मग उन्हाळाभर ते खरे लोक जे काही फटकावतील, ते आमच्या नावावर.

तुओमीबाई : आणि तेरावा संघ काढता येत नाही?

ड्वेन : नाही. बाहेर नऊ जण रांगेत आहेत. त्यातला एक दोन वर्षांपूर्वी वारला, तरी त्याची बायको नाव काढू देत नाही.

मार्गिट : आज एक वाजता निवड आहे. पहिली पाळी आमची.

ड्वेन : आणि संघांच्या नोंदवहीत मालक म्हणून एकच नाव चालणार, असं सगळ्यांनी ठरवलंय. भांडणारे दोन मालक त्यांना नकोत.

तुओमीबाई : मग मी तिसऱ्यांदा विचारते. कुणाचं नाव लिहू?

मार्गिट : मित्र ड्वेनचे आहेत. शाळेपासूनचे. त्याचं काय म्हणणं आहे ते बघा.

ड्वेन : हे बघितलंत? घराच्या वेळी हेच, कुत्र्याच्या वेळी हेच. ‘त्याचं बघा.’ आणि मग मी बघितलं की चेहरा हा असा.

तुओमीबाई : तुमचं म्हणणं काय ते सांगा, ड्वेन.

ड्वेन : सोपं आहे. नाव माझं. मार्गिटने दरवर्षीसारखी यादी करायची आणि टपालाने पाठवायची. सतरा वर्षं तेच तर चाललंय. ती टेबलाखालून चिठ्ठी सरकवते, मी उभा राहून नाव पुकारतो. आमच्यात तोच नियम आहे, बाई. उभं राहून मोठ्याने बोलायचं. तोंडातून गेलं की गेलं, परत घेता येत नाही.

तुओमीबाई : तुम्ही कधीच नाही उभ्या राहिलात, मार्गिट?

मार्गिट : नाही.

ड्वेन : तिला घाम फुटतो. प्रयोगशाळेत तळ्याचं पाणी तपासते ना, बाटल्यांशी बोलायची सवय.

मार्गिट : बाटल्या मधेच तोडत नाहीत.

तुओमीबाई : आणि त्यांनी यादी पाठवली नाही तर?

ड्वेन : म्हणून तर हा कागद आणलाय. मलाही येतं, हे तिला दाखवायला. समजावू तुम्हाला? फक्त होम रन धरा, चेंडू थेट मैदानाबाहेर घालवणारे फटके, म्हणजे सोपं पडेल. हा टॅलमन, फर्स्ट बेसवरचा. गेल्या वर्षी अडतीस. हा ओकांपो, कॅचर, फटकावणाऱ्याच्या मागे बसून चेंडू झेलणारा. चोवीस. कुणाला घ्याल?

तुओमीबाई : टॅलमनला.

ड्वेन : सगळे तेच म्हणतील. मीही म्हणायचो. पण फर्स्ट बेसवर धिप्पाड गडी उभे करतात, त्यामुळे तिथे मारणारे ढिगाने. अगदी शेवटी ज्याच्या वाट्याला बारावा येईल, त्याचेही सव्वीस होतात. कॅचरांची बातच वेगळी. उकिडवं बसून बसून गुडघे गेलेले. बाराव्या कॅचरचे नऊ. आणि प्रत्येक संघाला कॅचर घ्यावाच लागतो. तेव्हा अडतिसातून सव्वीस गेले, बारा. चोविसातून नऊ गेले, पंधरा. ओकांपो वरचढ.

तुओमीबाई : म्हणजे माणूस किती मारतो ते नाही, त्याच्या जागी दुसरा मिळाला असता त्याच्यापेक्षा किती जास्त मारतो ते बघायचं.

ड्वेन : बाई, तुम्ही रांगेत नाव घाला. आहे ना बरोबर, मार्गिट? तुझंच गणित.

मार्गिट : रीत बरोबर आहे.

ड्वेन : एवढंच? तीन रविवार, आणि ‘रीत बरोबर आहे’?

मार्गिट : वजाबाकीही बरोबर आहे.

ड्वेन : हिच्या कोष्टकात मीही असणार, बाई. गावातला बारावा नवरा काढून माझ्यातून वजा केला असेल.

मार्गिट : उत्तर काय आलं ते विचार ना.

तुओमीबाई : थांबा दोघं. मार्गिट, यादी पाठवायला तयार आहात का? हो की नाही?

मार्गिट : नाही.

ड्वेन : का पण? तुला आवडतं ते काम.

मार्गिट : म्हणूनच.

ड्वेन : हे काय उत्तर झालं? ठीक आहे. नको पाठवूस. मी एक वाजता उभा राहतो आणि ओकांपो पुकारतो. नाव लिहा, बाई. ड्वेन, डी-यू...

मार्गिट : ओकांपो कॅचर नाही.

ड्वेन : काय?

मार्गिट : एप्रिलमध्येच गुडघा दुखावला. परत आला तो फर्स्ट बेसवर. गेल्या वर्षी कॅचर म्हणून एकोणीस सामने खेळला. आपल्यात त्या जागेवर धरायला वीस लागतात.

ड्वेन : एकोणीस.

मार्गिट : तू पूर्ण वर्षाचे होम रन घेतलेस आणि जागा मात्र मागच्या मार्चच्या जुन्या यादीतून उतरवलीस.

तुओमीबाई : म्हणजे ओकांपोला कॅचर म्हणून घेता येणार नाही?

मार्गिट : फर्स्ट बेसवरच धरावं लागेल. चोविसातून सव्वीस. उणे दोन.

ड्वेन : पहिल्या पाळीला. सगळ्यांदेखत. सोरेन्सन दहा वर्षं हसला असता.

मार्गिट : वीस.

ड्वेन : कधी दिसलं तुला?

मार्गिट : कागद हातात घेतला तेव्हा.

ड्वेन : म्हणजे शॉर्टस्टॉप, खोडरबर, ते सगळं... तेव्हा तुला माहीत होतं?

मार्गिट : हो.

ड्वेन : आणि मी बाईंना शिकवत होतो तेव्हाही?

मार्गिट : हो.

ड्वेन : सतरा वर्षांत तू माझी एक चूक पोटात ठेवली नाहीस. मीठ जास्त पडलं तरी चमच्यात मोजून सांगितलंस. आज गप्प बसलीस?

मार्गिट : तू ते नाव पुकारावंस असं वाटलं.

ड्वेन : का?

मार्गिट : माझ्याशिवाय तुझं चालत नाही, हे त्या खोलीला कळावं म्हणून. क्षुद्रपणा होता तो. मला आवडलं नाही ते, म्हणून सांगितलं.

ड्वेन : त्या खोलीला ते माहीत आहे, मार्गिट. चिठ्ठी सरकवताना तुझं कोपर दरवर्षी शेजारी बसलेल्या सोरेन्सनच्या कॉफीला लागतं.

मार्गिट : कुणी बोललं नाही कधी.

ड्वेन : मी सांगितलं होतं बोलू नका म्हणून. तू यायची बंद झाली असतीस.

तुओमीबाई : अकरा चाळीस झाले. मला अजून नाव मिळालेलं नाही.

ड्वेन : मला हवाय संघ, बाई. ते अकरा जण सोडून या गावात माझं कोण आहे? पण आता मी ‘मला द्या’ म्हणणार नाही. आणि ‘तिला द्या’ असंही म्हणणार नाही. सतरा वर्षं हिच्या मनातलं ओळखून मी बोलत आलो, आणि निम्म्या वेळा चुकीचं ओळखलं. हिला हवा असेल तर हिने मागावा. मी अडवणार नाही.

मार्गिट : मग तू काय करशील आज एक वाजता?

ड्वेन : ते विचारू नकोस. पुन्हा ‘त्याचं बघा’ सुरू होईल.

तुओमीबाई : मार्गिट, त्यांनी अडवणार नाही म्हटलंय. ते मी लिहून घेतलं. आता तुमचं.

मार्गिट : तिथे उभं राहावं लागेल.

तुओमीबाई : लागेल.

मार्गिट : आवाज मागच्या टेबलापर्यंत जायला हवा.

ड्वेन : सगळे गप्प व्हावेत म्हणून बरणीला चमचा वाजवतात आधी. तेवढा वेळ मिळतो.

मार्गिट : मला माहीत आहे, ड्वेन. बाई, माझं नाव लिहा. संघ मला हवा आहे.