आधी अंगठा, मग मजकूर

यशवंतराव : थांब, उद्धवा! आत्ता काय खोडलं तू?

उद्धव मास्तर : एक शब्द. ‘इन’ होता, त्याचा ‘बाय’ केला.

यशवंतराव : मघाबी एक खोडला. शाळेत पोरायले शिकवतं, अन् तुह्याच्यानं एक अर्ज सरळ लिहिनं होत नाही? का मनात दुसरंच काही हाय?

उद्धव मास्तर : आपलं गाव तेलगू मुलखात, इथल्या मंडल हापिसात मराठी अर्ज घेत नाहीत. तेलगू तुमालेबी येत नाही, मलेबी लिहिता येत नाही. राह्यली इंग्रजी, ते काही माह्या मायची भाषा नाही. इचार करा लागते. ‘इन द रिव्हर’ म्हंजे वावर नदीच्या पोटात. ‘बाय द रिव्हर’ म्हंजे काठाले.

यशवंतराव : दोन्हीत नदीच ना!

उद्धव मास्तर : पोटातलं सरकारचं, काठावरचं तुमचं. पैनगंगेच्या पुरात हदीचे गोटे वाहून गेले, मोजनीवाल्यानं वावर नदीत दाखवलं. मीबी तेच लिहिलं त अर्ज कायले करता?

यशवंतराव : अन् आधी काय खोडलं होतं?

उद्धव मास्तर : ‘बॉर्डर’. आपन दोन्हीले हदच म्हनतो. पन बॉर्डर राज्याची, वावराची ते ‘बाउंडरी’. बॉर्डर वाचून सायेब म्हनला असता, हे काम महाराष्ट्राचं, नदीपल्याड जा.

यशवंतराव : गोष्टी बऱ्या सांगतं. पन ह्या वावराची तुह्या जिवाले एवढी काळजी काऊन?

उद्धव मास्तर : तुमीच आले ना माह्या दारात.

यशवंतराव : आलो. गावात इंग्रजी तुलेच येते. अडला हरी, दुसरं काय!

उद्धव मास्तर : पुढचंबी म्हना. मले राग येत नाही.

यशवंतराव : तसं नाही रे बाप्पा. पन वावर कोन्तं हाय, हे तुलेबी मालूम, मलेबी मालूम.

उद्धव मास्तर : बोरीचं वावर. माह्या बापाचं होतं.

यशवंतराव : होतं! दौलतनं राजीखुशीनं अंगठा देल्ला माह्या बापाले. कागद हाय घरात.

उद्धव मास्तर : कागद खरा. अंगठाबी खरा. मजकूर मंग भरला. ‘सालदारीचा करार हाय, दौलत, कर अंगठा,’ असं सांगतलं होतं त्याले.

यशवंतराव : म्हनूनच म्हनतो! बापाचा दावा काढून राह्यला तू. माह्यं वावर गपचूप नदीत लोटशीन, अन् मी येडा घरी जाऊन पेढे वाटीन!

उद्धव मास्तर : अन् आज तुमी काय आनलं माह्याजवळ?

यशवंतराव : काय म्हंजे? कागद.

उद्धव मास्तर : कोरा. खाली अंगठा मारलेला.

यशवंतराव : पुन्हा चक्कर नको म्हनून घरूनच मारून आनला. सारेच तसं करतात.

(उद्धव मास्तर त्याच अंगठ्याच्या कागदावर लिहिलेला अर्ज उभा फाडतो.)

यशवंतराव : अरे! काय केलं हे! आज आखरी तारीख हाय. साडेतीनची बस गेली त वावर गेलं माह्यं!

उद्धव मास्तर : बस भेटते. दहा मिनिटं गप बसा. नव्या कागदावर उतरवतो, खाडाखोड राहनार नाही.

यशवंतराव : ...मोठ्यानं म्हनत लिही. समजलं नाही तरी ऐकतो.

उद्धव मास्तर : ऐका. ‘माय फील्ड इज बाय द रिव्हर...’

यशवंतराव : बाय. हां. पुढं?

उद्धव मास्तर : ...झालं. घ्या. मंडलच्या गावी, जैनथले उतरले का हापिसाच्या आधी पोस्टात जा. तिथचे नागोराव पोस्टमास्तर माह्या वळखीचे नाहीत, म्हनून सांगतो. त्यायच्याकडून शब्द न् शब्द मराठीत वाचून घ्या. पटलं त तिथंच अंगठा द्या.

यशवंतराव : आना इकडं शाई. इथंच देतो. भरोसा हाय तुमच्यावर, मास्तर.

उद्धव मास्तर : आधी वाचून घ्या, यशवंतराव. भरोसा माह्या बापालेबी होता.